घरी बांधायच्या विमानासाठी योग्य बोल्ट कसा निवडावा

सोलापुरात मजबूत बोल्टांची टंचाई नाही. यंत्रमाग, साखर कारखाने, उसाच्या ट्रॉल्या आणि अक्कलकोट रोड व चिंचोळी येथील औद्योगिक वसाहती यांची रोजची गरज भागवणारी दुकाने शहरात आहेत, आणि डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीच्या प्रतीचा शिक्का असलेला हाय टेन्साइल बोल्ट तेथे मागितल्याबरोबर समोर येतो. त्यामुळे स्वतःच्या शेडमध्ये हलके विमान बांधायला घेतलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो की, वाट पाहून आणि सीमाशुल्क भरून परदेशातून मागवायचा बोल्ट आणि हा हाताशी असलेला बोल्ट यांत असा काय फरक आहे. प्रश्न रास्त आहे, पण ‘विमानाचा बोल्ट जास्त मजबूत असतो’ हे त्याचे उत्तर नव्हे. १०.९ चा बोल्ट निव्वळ ताणाच्या मजबुतीत विमानाच्या सर्वसाधारण बोल्टपेक्षा सरस भरतो. विमानाच्या बाबतीत मजबुतीच्या आधी ओळख येते. बोल्ट कोणत्या पोलादाचा आहे, त्याच्या दांड्याचे नेमके माप काय, आटे कोठे सुरू होतात आणि तो कोणत्या उत्पादकाच्या कोणत्या लॉटमधून आला, ही माहिती नसेल तर त्याच्या मजबुतीचा आकडा कितीही मोठा असला तरी त्यावर हिशेब मांडता येत नाही.

म्हणून बोल्टची निवड दुकानात होत नाही, नकाशावर होते. ज्याने विमानाचे आरेखन केले त्याने प्रत्येक जोडासाठी बोल्ट आधीच ठरवून त्याचा क्रमांक लिहिलेला असतो. बांधणाऱ्याकडे तीन कामे उरतात: तो क्रमांक बरोबर वाचणे, प्रत्यक्षातल्या जाडीशी त्याची लांबी पडताळणे, आणि हातात आलेली वस्तू खरोखर त्याच क्रमांकाची आहे याची खात्री करणे. सोपी वाटणारी ही तीन कामे नीट न झाल्याने काय होते याचे उदाहरण पुढे येईलच.

अमेरिकी आरेखनांवर आधारलेल्या बहुतेक किट आणि नकाशांमध्ये ‘एएन’ मालिकेचे बोल्ट असतात. ही मानके अमेरिकेच्या लष्कराने व नौदलाने मिळून ठरवली आणि ती आजही घरगुती विमानबांधणीची बोलभाषा आहेत. सोलापूरच्या कारागिराला हा क्रमांक वाचणे खरे तर अवघड जाऊ नये, कारण त्याची मोजणी आपल्या सुताच्या हिशेबाशी जुळते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एएन नंतरचा पहिला आकडा बोल्टची जाडी इंचाच्या सोळाव्या भागांत, म्हणजे अर्ध्या सुतांत, सांगतो. त्यामुळे एएन३ हा दीड सुती, एएन४ दोन सुती, एएन५ अडीच सुती आणि एएन६ तीन सुती बोल्ट झाला. आडव्या रेघेनंतरचा आकडा लांबी सांगतो, आणि तीही सुतांतच. ‘एएन४-७ए’ म्हणजे दोन सुती जाडीचा, सुमारे सात सूत लांबीचा बोल्ट. येथे एक गोम आहे. सातनंतर आठ किंवा नऊ येत नाही, थेट दहा येतो, कारण दोन अंकी आकड्यातला पहिला अंक पूर्ण इंच आणि दुसरा वरचे सूत दाखवतो. ‘-१०’ म्हणजे एक इंच, ‘-१२’ म्हणजे एक इंच दोन सूत, ‘-२५’ म्हणजे दोन इंच पाच सूत. दहाला दहा सूत समजून मागणी नोंदवणाऱ्याला दोन सूत आखूड बोल्ट मिळतात.

शेवटचे ‘ए’ हे अक्षर क्षुल्लक दिसते, पण त्यावर जोडाचा प्रकार ठरतो. ‘ए’ असेल तर दांड्याच्या टोकाला स्प्लिट पिनसाठी भोक नसते. ‘ए’ नसेल तर ते असते. मधले ‘एच’ अक्षर डोक्यात तार ओवण्यासाठी भोक असल्याचे सांगते, ‘सी’ हे गंजरोधक पोलादाचे आणि ‘डीडी’ हे अॅल्युमिनियम मिश्रधातूचे चिन्ह आहे. बोल्टच्या डोक्यावरही खूण असते: साध्या पोलादी एएन बोल्टवर फुली किंवा चांदणीसारखी खूण, गंजरोधक बोल्टवर एक रेघ, अॅल्युमिनियमच्या बोल्टवर दोन रेघा आणि काटेकोर मापाच्या बोल्टवर त्रिकोण. सोबत उत्पादकाची खूण असते. जोडाची जागा सांगाड्याच्या मुख्य भागात असेल तर तेथे दीड सुतापेक्षा बारीक पोलादी बोल्ट किंवा दोन सुतांपेक्षा बारीक अॅल्युमिनियम बोल्ट वापरू नये, हा जुना आणि सर्वमान्य नियम आहे.

बाजारातला बोल्ट का चालत नाही

आता दुकानातल्या बोल्टकडे वळू. एएन मालिकेच्या पोलादी बोल्टची ताणमजबुती दर चौरस इंचाला १,२५,००० पौंड, म्हणजे सुमारे ८६० मेगापास्कल असते. ८.८ चा बोल्ट नाममात्र ८०० मेगापास्कलचा आणि १०.९ चा १,००० मेगापास्कलचा असतो. हे आकडे पाहून कोणीही म्हणेल की १०.९ घ्या आणि प्रश्न मिटवा. पण विमानाचा बोल्ट मुद्दाम इतका कडक केलेला नसतो. भार हाताबाहेर गेला तर तो तुटण्याआधी वाकावा आणि तपासणीत दिसावा, अशी त्याच्या पोलादाची निवड असते. अतिकडक बोल्टला जस्ताचा मुलामा देताना हायड्रोजन पोलादात शिरतो, मुलाम्यानंतर बोल्ट भट्टीत तापवून तो बाहेर काढला नाही तर बोल्ट ठिसूळ होतो, आणि मग तो काहीही पूर्वसूचना न देता, कधी कधी नुसता आवळून ठेवलेला असताना, तडकतो. काळा १२.९ चा अॅलन बोल्ट या बाबतीत आणखी नाजूक आहे. याच कारणाने मुलामा उडालेला विमानाचा बोल्ट एमआयडीसीतल्या प्लेटिंगवाल्याकडून पुन्हा चकचकीत करून घेण्याचा विचारही करू नये.

दुसरा फरक दांड्याचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. विमानातले बहुतेक बोल्ट ओढले जाण्यापेक्षा आडव्या दिशेने कातरले जातात, ज्याला शिअर म्हणतात. पंखाच्या आधारदांडीचा बोल्ट घ्या: दांडी एका बाजूला ओढते, कंसपट्टी दुसऱ्या बाजूला धरून ठेवते, आणि बोल्टचा दांडा मध्ये कातरीत सापडल्यासारखा भार घेतो. तेथे दांडा गुळगुळीत, पूर्ण जाडीचा आणि भोकात नेमका बसणारा हवा. दुकानातले बरेच बोल्ट डोक्यापर्यंत आट्यांचे असतात; आट्यांच्या खाचेत जाडी कमी होते, भेगेला सुरुवात तेथूनच मिळते आणि आट्यांची धार कानशीसारखी भोक मोठे करत जाते. ज्यांना गुळगुळीत दांडा असतो त्यांचेही माप सैल असते. एएन४ चा दांडा ०.२४६ ते ०.२४९ इंच, म्हणजे ६.२५ ते ६.३२ मिलिमीटर इतका बांधीव असतो. त्याच्या भोकात एम६ घातला तर तो पाव मिलिमीटरहून अधिक सैल राहतो, आणि इंजिनच्या कंपनांत एवढे अंतर फार झाले.

मेट्रिक आणि इंची मापांची सरमिसळ एम८ च्या बाबतीत विशेष फसवी आहे. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे एम८ चा बोल्ट एएन५ च्या भोकात कधी कधी अगदी बरोबर बसल्यासारखा वाटतो. आटे मात्र निराळे असतात. सोलापुरात आणखी एक भर आहे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलच्या काळापासून येथे इंग्रजी यंत्रे आली, आणि त्यांच्यासोबत व्हिटवर्थ व बीएसएफ या जुन्या ब्रिटिश मापांच्या आट्यांचे नटबोल्टही आले, जे अजून कोठे कोठे जुन्या डब्यांत सापडतात. दोन सुती एएन बोल्टला इंचाला २८ आटे असतात, दोन सुती बीएसएफला २६ आणि व्हिटवर्थला २०. बीएसएफचा नट एएन४ वर एकदोन फेरे चढतो आणि मग अडकतो. जोर लावला की आटे खराब होतात, आणि जोर लावणारा समजतो की नट छान घट्ट बसला.

स्टेनलेसविषयीही बराच गैरसमज आहे. ‘एसएस’ म्हणजे सर्वांत उत्तम, ही समजूत भांड्यांच्या दुकानात खरी असेल, पण बाजारात मिळणारा ए२-७० प्रतीचा स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कलचा, म्हणजे एएन बोल्टपेक्षा कमजोर असतो, त्याचे आटे एकमेकांना चिकटून जाम होतात, आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्याला लागून ओल मिळाली की पत्रा गंजू लागतो. एएन बोल्टवरचा कॅडमियमचा मुलामा अॅल्युमिनियमशी बऱ्यापैकी जुळवून घेतो. कॅडमियम विषारी आहे, हे मात्र लक्षात ठेवावे: असा बोल्ट पॉलिश पेपरने घासू नये, ग्राइंडरला लावू नये आणि त्याच्याजवळ वेल्डिंग करू नये.

याचा अर्थ बाजारातला बोल्ट शेडमध्ये आणूच नये असा नाही. जिग, म्हणजे भाग जागेवर धरणारा साचा, बांधणीची घोडी, ट्रॉली, आणि पंख पहिल्यांदा जोडून पाहण्याची तात्पुरती जुळणी यांसाठी तोच वापरावा, म्हणजे महागडे बोल्ट ओरखडत नाहीत. अशा प्रत्येक बोल्टचे डोके लाल रंगात बुडवून ठेवावे. शेवटच्या तपासणीत विमानावर कोठेही लाल दिसता कामा नये.

ग्रिप: लांबीपेक्षा महत्त्वाचे माप

बोल्टच्या बिनआट्याच्या भागाला ग्रिप म्हणतात. नियम असा की, ग्रिप जोडल्या जाणाऱ्या थरांच्या एकूण जाडीइतकी किंवा तिच्याहून किंचित अधिक असावी. ती कमी पडली तर आटे भोकात शिरतात. ती फार अधिक झाली तर नट आट्यांच्या शेवटाला जाऊन टेकतो, टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, ‘टक्’ करतो, बांधणारा समाधानाने पुढे जातो, आणि आतले थर मात्र एकमेकांवर दाबलेलेच नसतात. हा दुसरा दोष अधिक वाईट, कारण तो बाहेरून दिसत नाही.

एएन४ मालिकेत ‘-७’ ची ग्रिप ७/१६ इंच, म्हणजे ११.१ मिलिमीटर, ‘-१०’ ची ९/१६ इंच, म्हणजे १४.३ मिलिमीटर, आणि ‘-११’ ची ११/१६ इंच, म्हणजे १७.५ मिलिमीटर असते. दर पायरीला एक सूत, सुमारे ३.२ मिलिमीटर वाढते. एएन९६० क्रमांकाचा नेहमीचा वॉशर दोन सुती बोल्टसाठी १.६ मिलिमीटर जाड आणि त्याचा पातळ भाऊ ०.८ मिलिमीटर जाड असतो, म्हणून दोन पायऱ्यांमधली कोणतीही जाडी या दोन वॉशरांच्या जुळणीतून भरून काढता येते. समजा, दोन कंसपट्ट्या आणि मधली नळी मिळून १२ मिलिमीटर जाडी झाली. ‘-७’ घेतला तर जवळजवळ एक मिलिमीटर आटे भोकात जातील, म्हणून तो बाद. ‘-१०’ घेतला तर २.३ मिलिमीटर दांडा बाहेर राहील. एक जाड आणि एक पातळ वॉशर मिळून २.४ मिलिमीटर होतात, आणि जोड नेमका जुळतो. जाडी १४ मिलिमीटर असेल तर त्याच बोल्टला एकच वॉशर पुरेल. तीन वॉशर लावण्याची वेळ आली तर बोल्टच चुकीचा निवडला आहे असे समजावे. ही जाडी नकाशावरून घेऊ नये. रंग, प्रायमर आणि प्रत्यक्ष पत्रा यांसह व्हर्निअरने मोजावी. किटसोबत आलेल्या यादीतला बोल्ट एका पायरीने बदलावा लागणे यात वावगे काही नाही, मात्र बदल वहीत लिहून ठेवावा.

आवळल्यानंतर दोन गोष्टी पाहाव्यात. नटच्या बाहेर निदान एक पूर्ण आटा दिसला पाहिजे; तीनपेक्षा बरेच अधिक दिसत असतील तर नट दांड्याला टेकल्याचा संशय घ्यावा. आणि नटखालचा वॉशर बोटाने फिरता कामा नये.

नट कोणता, हे हालचालीवर ठरते

आतल्या बाजूला नायलॉनची कडी असलेला नट, म्हणजे आपल्याकडचा नायलॉक, एएन३६५ किंवा एमएस२०३६५ या क्रमांकाने येतो आणि स्थिर जोडांसाठी तोच सोयीचा असतो. पण ज्या जोडात बोल्टभोवती काही फिरते, उदाहरणार्थ सुकाणूची दांडी, एलेरॉनचा, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरील हलत्या पट्टीचा, बिजागर किंवा पेडलचा सांधा, तेथे नायलॉक एकट्याच्या भरवशावर वापरू नये. फिरणारा भाग नटाला हळूहळू सोबत घेतो. तेथे भोक असलेला बोल्ट, एएन३१० चा, वर खाचा असलेला कॅसल नट आणि स्प्लिट पिन हीच जोडी हवी. एएन३२० आणि एएन३६४ हे पातळ नट फक्त शिअरच्या जोडासाठी असतात; जेथे बोल्ट ओढला जातो तेथे ते लावू नयेत. तसेच गोल डोक्याचे क्लेव्हिस बोल्ट, जे एएन२१ पासून सुरू होतात, निव्वळ शिअरसाठी असतात आणि नियंत्रणाच्या सांध्यांत त्यांना पक्के आवळायचे नसते.

सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या विमानाचा नायलॉक उन्हाने बिघडेल का, असे कोणाच्याही मनात येईल. नायलॉनची मर्यादा १२१ अंश सेल्सिअसची आहे, त्यामुळे आपले ४३-४४ अंशांचे ऊन आणि त्यात तापलेला पत्राही तिच्या जवळ जात नाही. धोका असतो तो इंजिनच्या बाजूला. अग्निरोधक भिंतीच्या पुढे, एक्झॉस्टच्या आसपास आणि इंजिनच्या चौकटीवर पूर्ण धातूचे लॉकनट किंवा कॅसल नट व स्प्लिट पिन वापरावेत. जो नायलॉक नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत चढतो तो कचऱ्यात टाकावा. प्रोपेलरच्या बोल्टांना डोक्यातल्या भोकांतून ०.८ मिलिमीटरची किंवा त्याहून जाड स्टेनलेस तार ओवून अशी बांधावी की, एक बोल्ट ढिला होऊ पाहील तर तारेने दुसरा घट्ट व्हावा.

बोल्टची दिशाही नटइतकीच विचार करण्याजोगी आहे. अडचण नसेल तेथे डोके वर किंवा पुढे ठेवावे, म्हणजे नट गळून पडला तरी बोल्ट काही काळ आपल्या जागी राहतो.

भोक आणि कडेचे अंतर

उत्तम बोल्ट वाईट भोकात व्यर्थ जातो. महत्त्वाच्या जोडांचे भोक आधी थोडे बारीक पाडून मग रीमरने अंतिम मापाला आणावे. हातातल्या ड्रिलने एकदम पूर्ण मापाचे भोक पाडले तर ते बहुधा अंडाकृती आणि मोठे होते. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत बोल्टच्या जाडीच्या निदान दुप्पट अंतर हवे. म्हणूनच ‘दोन सुती सैल वाटतो, तर अडीच सुती घालू’ हा नेहमीचा तोडगा येथे विचार न करता वापरता येत नाही: बोल्ट मोठा झाला, भोक मोठे झाले, कडेचे अंतर घटले, आणि जोड पूर्वीपेक्षा कमजोर झाला. अशा वेळी आरेखकाला विचारावे. लाकडी सांगाड्यात साधा वॉशर लाकडात रुततो, म्हणून तेथे एएन९७० चे रुंद वॉशर लावतात. सोलापूरची हवा उन्हाळ्यात फार कोरडी होते, लाकूड आकसते आणि पावसाळ्यात आवळलेले बोल्ट एप्रिलमध्ये ढिले सापडतात. लाकडी विमान असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाला सर्व नट पुन्हा तपासणे हा वार्षिक कामाचा भागच धरावा.

ज्यांचे आरेखन स्वतःचे आहे त्यांना हिशेब टाळता येत नाही. एएन३ चा एकेरी शिअर सुमारे २,१२६ पौंड, एएन४ चा ३,६८० पौंड, एएन५ चा ५,७५० आणि एएन६ चा ८,२८० पौंड धरतात. किलोग्रॅममध्ये एएन४ चा आकडा सुमारे १,६७० येतो, आणि दोन कंसपट्ट्यांच्या मध्ये नळी असेल, म्हणजे बोल्ट दोन ठिकाणी कातरला जात असेल, तर तो दुप्पट धरता येतो. हलक्या विमानांसाठी ३.८ जी, म्हणजे वजनाच्या ३.८ पट, हा नेहमीचा मर्यादा-भार, त्यावर १.५ चा सुरक्षा-गुणक आणि जोडांसाठी आणखी १.१५ चा गुणक धरण्याची अमेरिकी प्रमाणनाची पद्धत आहे. म्हणजे ४५० किलोच्या विमानाचा हिशेब ३.८ आणि १.५ च्या गुणाकाराने २,५६५ किलोंवर जातो, आणि आधारदांडीच्या कोनानुसार एका बोल्टवर येणारा भार त्यातून काढावा लागतो. हा हिशेब केला की बहुतेकदा असे दिसते की, बोल्टमध्ये मजबुती उरलेली आहे आणि त्याच्या भोकाभोवतीचा पत्रा आधी फाटणार आहे. अशा ठिकाणी जाड बोल्ट नव्हे, जाड कंसपट्टी लागते.

हातात आलेला बोल्ट खरा आहे का

१० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या उड्डाण ५३९० ची समोरची काच सुमारे १७,३०० फूट उंचीवर निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले आणि तो वाचला. आदल्याच दिवशीच्या सुमारास ती काच बदलली होती. बसवलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्टांचा व्यास ०.०२६ इंचाने, म्हणजे पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरकाने, लहान होता, आणि उरलेल्या सहांची लांबी कमी होती. बोल्ट क्रमांक पाहून नव्हे, जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून घेतले होते. त्याहून विदारक प्रकार ८ सप्टेंबर १९८९ चा आहे. पार्टनेअर कंपनीचे कॉनव्हेअर ५८० विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळून सर्व ५५ जण मृत्युमुखी पडले, आणि चौकशीत शेपटीचा उभा पंख जोडणाऱ्या बोल्ट व पिनांमध्ये नकली माल आढळला. अमेरिकेत त्याच दशकात खोट्या खुणांच्या बोल्टांचा इतका सुळसुळाट झाला की १९९० मध्ये बोल्टांच्या गुणवत्तेसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

तेव्हा माल घेताना उत्पादकाचे अनुरूपता-प्रमाणपत्र आणि लॉट क्रमांक मागावा, आणि ते देऊ न शकणाऱ्याकडून ‘एअरक्राफ्ट ग्रेड’ या शब्दावर विसंबून काहीही घेऊ नये. पार्सल आल्यावर प्रत्येक पिशवीतला एकेक बोल्ट काढून डोक्यावरची खूण पाहावी, मायक्रोमीटरने दांडा मोजावा, आटे हाताने चढवून पाहावेत. अॅल्युमिनियम आणि पोलाद यांत शंका असेल तर चुंबक लावावे. बोल्ट मूळ पिशवीतच ठेवावेत, क्रमांक लिहिलेल्या डब्यांत. एकदा जमिनीवर सांडून एकत्र झालेले वेगवेगळ्या ग्रिपचे बोल्ट पुन्हा मोजल्याशिवाय वापरू नयेत. कागदांचे महत्त्व आपल्याकडे दुहेरी आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी आणि परवानगी असल्याशिवाय असे विमान उडवता येत नाही, आणि मुंबईत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना २०१७ मध्ये नोंदणी मिळेपर्यंत किती चिकाटी लागली ते महाराष्ट्राने पाहिले आहे. बोल्टांच्या पावत्या आणि प्रमाणपत्रे पहिल्या दिवसापासून एका फायलीत लावलेली असतील तर त्या वाटेवरचे एक ओझे तरी हलके होते. विमाने बांधायची महत्त्वाकांक्षा सोलापूरला नवी नाही. १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभारणारे वालचंद हिराचंद याच शहरात जन्मले होते.

आवळणे

बोल्टला नेमका टॉर्क देण्यासाठी हाताचा अंदाज चालत नाही. दुचाकीच्या गॅरेजमधला अनुभवी हात दीड सुती बोल्ट हमखास जास्त आवळतो. कोरड्या, स्वच्छ आट्यांवर आणि पूर्ण जाडीच्या नटसाठी नेहमीचे आकडे असे आहेत: एएन३ ला २० ते २५ इंच-पौंड, म्हणजे २.३ ते २.८ न्यूटन-मीटर, एएन४ ला ५० ते ७० इंच-पौंड, म्हणजे ५.६ ते ७.९ न्यूटन-मीटर; एएन५ ला १०० ते १४० आणि एएन६ ला १६० ते १९० इंच-पौंड. पातळ शिअर नटांना याच्या सुमारे साठ टक्केच द्यावा. मोटारीच्या चाकांचा मोठा टॉर्क पाना एवढ्या लहान मापांवर विश्वासार्ह नसतो, म्हणून छोटा, इंच-पौंडांत मोजणारा पाना वेगळा घ्यावा. नायलॉकला चढतानाच काही जोर लागतो. तो आधी मोजून टॉर्कमध्ये मिळवावा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये, नाहीतर तोच टॉर्क बोल्टला कितीतरी अधिक ताणतो. शक्य तेथे नट फिरवावा आणि बोल्टचे डोके स्थिर धरावे. कॅसल नटचे भोक जुळत नसेल तर दिलेल्या मर्यादेत नट पुढे न्यावा किंवा वॉशर बदलावा. भोक जुळवण्यासाठी नट उलटा ढिला करून सोडू नये.

आवळून झालेल्या प्रत्येक नटवर टॉर्क सीलची रंगीत रेघ नटवरून बोल्टच्या टोकावर आणि खालच्या पत्र्यावर अशी अखंड ओढावी, आणि ती आवळणाऱ्यानेच त्याच क्षणी ओढावी. पहिल्या काही उड्डाण-तासांनंतर, विशेषतः इंजिनची चौकट, प्रोपेलर आणि पंखांचे जोड यांच्या रेघा भिंगाने पाहाव्यात. रेघ तुटलेली असेल तर नट पुन्हा आवळून प्रश्न मिटवू नये. बोल्ट काढून ग्रिप, भोक आणि वॉशर तपासावेत, आणि पुन्हा बसवताना नायलॉक नवा घालावा. यासाठी प्रत्येक मापाचे दहा-पंधरा टक्के बोल्ट, त्याच्या आधीची आणि नंतरची एक-एक ग्रिप, दोन्ही जाडीचे वॉशर आणि नायलॉकचा भरपूर साठा पहिल्याच मागणीत घेऊन ठेवावा, कारण सोलापुरात एका एएन३-१०ए बोल्टसाठी नवे पार्सल मागवायचे तर त्याच्या किमतीच्या अनेकपट खर्च निव्वळ वाहतुकीवर होतो.